पाणी लागलं की पगार

ज्या ऑफिसात पगार एक तारखेला होतो तिथं किस्से होत नाहीत, असं माझं पक्कं मत आहे. माणसं येतात, सही करतात, पंख्याखाली बसतात आणि घरी जातात. सांगणार काय, कपाळ? किस्से साठतात ते जिथं पगाराचा काही भरवसा नसतो तिथं!

मी दोन्हीकडं नोकरी केली. एकीकडं पगार दुप्पट होता, दुसरीकडं किस्से. आजही चार मित्र चहाला जमले की कुणीतरी म्हणतंच, "माणिक, तुमच्या अप्पांचं एक सांग की!" नांदेडच्या साहेबांचं सांग म्हणून अजून कुणी म्हटलेलं नाही. आणि एक सांगायला घेतलं की त्याचं शेपूट धरून दुसरं येतंच.

त्या वेळी लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. त्याआधी एकेका कागदासाठी उस्मानाबादची एसटी धरावी लागायची, ती पीडा संपली. जिल्हा आला आणि पाऊस गेला! विहिरींनी तळ दाखवला, नळ आठवड्यातनं एकदा नुसता फुसफुसायचा. धंदा तेजीत होता फक्त आमचा, कारण आमचा धंदा बोअर मारायचा.

मालक विश्वनाथअप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बंडी, आणि बोलणं असं की गिऱ्हाईक भांडायला आलं तरी जेवून जायचं. मूळ धंदा अडतीचा. दुष्काळात माल येईना, तेव्हा त्यांनी बोअरची मशीन घेतली आणि अडतीच्याच गाळ्यात ऑफिस थाटलं. मी तिथं टेबलाचं काम बघायचो. मशीनवर सलीमभाई. आणि जागा दाखवायला नागनाथमामा पाणाडे. मामा तळहातावर नारळ आडवा ठेवून रान फिरायचे. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. कधी कधी ते खरंही निघायचं.

*

अप्पांकडं पगाराला तारीख नव्हती. पाणी लागलं की पगार, अशी रीत.

"आरं, पगार मी देतो व्हय?" अप्पा म्हणायचे. "जमीन देती. ती देईल तवा घ्या!"

बोअरला पाणी लागलं की तिथंच, चिखलात उभं राहून, अप्पा बंडीच्या आतल्या खिशात हात घालायचे आणि ज्याचा त्याचा पगार हातावर ठेवायचे. कोरडा गेला तर सगळे गप्प जीपमध्ये. त्यामुळं आमच्या घरच्यांना भूगर्भाचं भारी ज्ञान झालं होतं. इतरांच्या बायका संध्याकाळी विचारतात, "दमलात का?" माझी सुनंदा विचारायची, "मुरूम संपला का? काळा दगड लागला का?"

एकदा औसा रोडला एका निवृत्त गुरुजींच्या परसात मशीन लावली. बघता बघता गर्दी जमली. गुरुजी गहिवरले. "बघा, शेजारधर्म अजून जिवंत आहे!" म्हणून त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. आता त्यांना काय सांगणार? गर्दीत एक माझा घरमालक होता, एक सलीमभाईचा किराणावाला, एक नागनाथमामांचा दूधवाला. सगळे आपापल्या बाकीसाठी जमिनीकडं डोळे लावून उभे!

दुपारी पाण्याचा फवारा उडाला. गुरुजी जागच्या जागी थिजले. माझा घरमालक मात्र टोपी हवेत फेकून चिखलात नाचायला लागला. गुरुजींनी डोळे पुसले. "माझ्या सख्ख्या भावालासुद्धा इतका आनंद झाला नसता हो!"

सलीमभाईनं मशीन बंद केली आणि किराणावाल्याकडं वळून म्हणाला, "खुश हो गये ना, सेठ? अब कल से चायपत्ती देना!"

*

जिल्हा झाल्यावर अप्पांनी मनावर घेतलं. "आपण आता जिल्ह्याच्या ठिकाणी हाव. हापिसाला हापिसासारखं दिसाय पाहिजे."

म्हणजे त्यांनी सगळ्यांना बढती दिली. मी जनरल मॅनेजर. सलीमभाई चीफ इंजिनिअर. नागनाथमामा जलसल्लागार. पेंटरला बोलावून पाट्या रंगवल्या, खिळे ठोकले, पेढे वाटले. मी हळूच विचारलं, "अप्पा, पगार?"

"जिल्हा नवा हाय, पगार तोच!"

सगळ्यांना पदं वाटता वाटता अप्पा स्वतःला द्यायचं विसरले. पाटी काही त्यांच्या नावाची नव्हतीच. पुढच्याच आठवड्यात नव्यानं आलेले एक अधिकारी बंगल्यात बोअर घ्यायचा म्हणून आले. पाटी वाचून थेट माझ्यासमोर बसले. अप्पा मधेच काहीतरी बोलायला आले तर साहेब म्हणाले, "जरा थांबा हो, मी जनरल मॅनेजरांशी बोलतोय ना! तुम्ही कोण?"

अप्पांनी सगळ्या पाट्यांवरून एकदा नजर फिरवली. "मी होय? मी हितं बसतो."

आणि खरंच, साहेब जाईपर्यंत बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

*

असं सगळं बरं चाललं होतं तर नांदेडच्या एका कंपनीचा माणूस पाइपांच्या चौकशीला आला. कंपनी बोअर आणि पंपांचीच, पण मोठी. त्यानं माझं टेबल बघितलं, काम बघितलं आणि जाता जाता पुटपुटला, "आमच्याकडं या. पगार दुप्पट. एक तारखेला."

दुप्पट ऐकूनही मी जागचा हललो नसतो. त्या 'एक तारखेला'वर घसरलो.

मुलाखतीला जायचं तर रजा पाहिजे. मी अप्पांना थाप मारली, मेव्हण्यासाठी नांदेडला मुलगी बघायला जायचंय.

"मुलगी बघाय? एकटाच?" अप्पा उठलेच. "आरं, वडीलधारं माणूस नको व्हय संगं? मी येतो!"

मी नाही नाही म्हणेपर्यंत जीप दारात! मागच्या सीटवर नारळ, साडी, पेढ्यांचा पुडा. अप्पांनी इस्त्रीचं धोतर काढलेलं. अहमदपूरपर्यंत ते मला हुंडा कसा घेऊ नये ते समजावत होते. लोह्याला चहाला थांबलो तेव्हा मला घास गिळवेना. चहाचा घास नसतो हे मला कळतं, पण तोही गिळवेना. सगळं सांगून टाकलं.

अप्पा बशीत चहा ओतायचे थांबले. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"अन् मुलाखतीला असल्या शर्टात चालला व्हय? कॉलर बघ की जरा!"

नांदेडला पोचल्यावर आधी शर्ट घेतला. मग कंपनीत गेलो. मी म्हटलं, तुम्ही जीपमध्ये बसा. ते म्हणाले, "पोरीचं न्हाई तर न्हाई, बैठक तर बैठकच हाय ना!" आणि साडी सोडून बाकी सगळं घेऊन माझ्या मागोमाग आत आले.

सरदेशपांडेसाहेब कडक माणूस. टाय, कूलर, समोर कोऱ्या कागदांची चळत. त्यांना वाटलं हे माझे वडील. त्यांनी मला पहिलाच प्रश्न टाकला, "सध्याची नोकरी का सोडताय?"

मालक मागच्या खुर्चीत असताना काय सांगणार? शेवटी मागून आवाज आला, "मी पगार वेळेवर देत न्हाई हो साहेब!"

साहेबांच्या हातातलं पेन गळालं. "म्हणजे आपण..."

"मालक."

"माजी?"

"आजून तरी आताचाच."

त्यानंतर मुलाखत माझी राहिलीच नाही. अप्पांनी खुर्ची पुढं ओढली. "पोरगं गुणी हाय. व्यसन न्हाई. हिशेब चोख. तापट न्हाई. दुपारी कुणी संगं असल्याशिवाय जेवत न्हाई, तेवढं सांभाळून घ्या. अन् दुप्पट म्हणला तुमचा माणूस, त्यात घरभाडं धरलं का न्हाई? न्हाई ना? मग घरभाडं वर!" साहेब भाव करता करता घामाघूम. घरभाडं मंजूर झालं, अप्पांनी पेढ्यांचा पुडा पुढं केला आणि साहेबांनी एक पेढा तोंडात टाकलासुद्धा.

परतीच्या वाटेवर अप्पा जीपमध्ये नेहमी घोरायचे. त्या दिवशी डोळे उघडे. लोहा मागं पडल्यावर म्हणाले, "माणिक, अडत्याला भाव चांगला मिळाला की झोप येती बघ. मला कामून येऊन न्हाई राहिली?"

मी रस्त्याकडं बघत बसलो.

*

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मशीन बंद ठेवली आणि बैठक लावली. विषय एकच. माणिकनं जायचं का राहायचं.

सलीमभाई म्हणाला, "दुगना पगार आहे, माणिकराव. जावा! सोचना क्या?"

"तुम्हाला बोलावलं असतं तर?"

"मुझे? नक्को! मेरी मशीन यहाँ है."

निलंग्याचं एक गिऱ्हाईक बोअरचा नंबर लावायला आलं होतं. त्याला विषय कळल्यावर तो मांडी घालून बसला. तिथं जेवणाची सुट्टी किती, साहेब ओरडतो का, आजारी पडलं तर बघायला कोण येतं, असं एकेक उकरून काढत त्यानं दुपार केली. मग एकदम घड्याळ बघून "एसटी चुकती की माझी!" म्हणून पळाला. त्याचा नंबर लावायचा राहूनच गेला.

शेवटी नागनाथमामा उठले. तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि ऑफिसात फिरायला लागले. आम्ही सगळे श्वास धरून. माझ्या खुर्चीपाशी आले, नारळ आडवाच. दाराशी गेले, आडवाच. अप्पांच्या तिजोरीसमोर जाऊन थांबले. खूप वेळ थांबले.

"कोरडं हाय," मामा म्हणाले.

अप्पा कळवळले. "मामा, आवं जरा डाव्या अंगाला सरकून बघा की!"

मामा डाव्या अंगाला सरकले. तिथं पिण्याच्या पाण्याचा माठ होता. नारळ टुणकन उभा राहिला!

अप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. "लागलं ना? मग झालं तर! फर्मला मरण न्हाई."

माझा प्रश्न तसाच राहिला. तो संध्याकाळी सुनंदानं सोडवला. मी तिला पगार सांगितला, अप्पांचा जिव्हाळा सांगितला, दोन्ही पारड्यांत काय काय आहे ते नीट मांडलं. ती दारात रिकामी घागर घेऊन उभी होती.

"ते राहू द्या बाजूला. तिथं नळाला पाणी येतं का?"

"गोदावरी आहे. रोज येतं."

"मग विचार कसला करून राहिलात?"

गावभर लोकांच्या परसात पाणी काढणाऱ्या माणसाची बायको शेजारणीकडं पाणी मागत होती. दुसऱ्या दिवशी अप्पांना जातो म्हणून सांगितलं. अप्पा एवढंच म्हणाले, "तीन महिने तपासणीवर ठेवून राहिलेत ना? राहून बघ. सामान सगळं नेऊ नको."

*

नांदेडच्या ऑफिसात कूलरचा आवाज यायचा. दुसरा कसलाच नाही. भिंतीवर पाटी, 'शांतता राखा'. साहेब केबिनमधून घंटी वाजवायचे, ज्याची घंटी तो उठायचा. एक घंटी, दोन घंट्या, असे ज्याचे त्याचे हिशेब. नावाची कुणाला गरजच पडायची नाही.

दुपारी प्रत्येक जण आपापल्या भिंतीकडं तोंड करून डबा खायचा. मी पहिल्या दिवशी सवयीनं भाजीचा डबा पुढं केला आणि "घ्या!" म्हणालो. समोर भिंत होती. दुसऱ्या दिवशी साहेबांकडून तंबी आली, जेवणाच्या वेळेत भिंतीशी बोलू नये.

महिन्याभरात बोधनकर नावाचे एक गृहस्थ निवृत्त व्हायचे होते. वरून हुकूम आला, हार घाला, शाल द्या, दोन शब्द बोला. साहेब केबिनमधून हार घेऊन बाहेर आले. इतकी वर्षं घंटीवर काढलेली, चेहरा कुठला माहीत! त्यांनी सरळ जाऊन मुदखेडेंच्या गळ्यात हार घातला. मुदखेडेंच्या नोकरीला अजून बरीच वर्षं होती. साहेब बोलले, "यांची उणीव आम्हाला पदोपदी भासेल." मुदखेडे उठले, हात जोडले, शाल घेतली, बसले. बोधनकरांनी टाळ्या वाजवल्या.

मी शेजारच्याला कुजबुजलो, "अहो, हे नाहीत निवृत्त होत!"

त्यानं बोटानं भिंतीवरची पाटी दाखवली.

दुसऱ्या दिवशी मुदखेडे आलेच नाहीत. बोधनकर मात्र वेळेवर आले, खुर्ची पुसली आणि कामाला लागले. मी वाट बघतोय, आज कुणी बोलेल, उद्या कुणी बोलेल. कुणी हूं की चूं नाही! एका रविवारी मला मुदखेडे भाजी बाजारात भेटले. हातात मेथीची जुडी. मी म्हटलं, "अहो, ऑफिसला का येत नाही?"

ते संकोचले. "हार घालून घेतला ना हो! आता परत जायचं म्हणजे... बरं नाही दिसत ते."

*

पहिल्या महिन्याचा पगार एक तारखेला पाकिटात घालून टेबलावर आला. त्याच दिवशी कंपनीचा एक बोअर कोरडा गेला होता. बोअर कोरडा आणि हातात पगार! मी ते पाकीट दिवसभर उघडलं नाही. कुणाचं तरी चुकून माझ्याकडं आलंय असं वाटत राहिलं.

घरी सुनंदा खुशीत होती. सकाळी नळ सुरू झाला की ती काही न भरता नुसती त्याच्याकडं बघत उभी राहायची. धुतलेले शर्ट परत धुवायची. लातुरात तिला कधी गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं, इथं गुणगुणायची. आणि मला, स्पष्टच सांगतो, डबा उघडला की रडू यायचं. बायकोच्या सुखाकडं बघावं तर नोकरी सोडवत नाही, आणि त्या भिंतीकडं बघावं तर नोकरी करवत नाही.

अशात मशीनचा काही सुटा भाग घ्यायला सलीमभाई नांदेडला आला. आयुष्यभर कंप्रेसरशेजारी बोललेला माणूस! ऑफिसच्या दारातूनच ओरडला, "माणिकरावऽऽ! कैसे हो!" तिघांच्या हातातली पेनं पडली. केबिनमधून चुकून घंटी वाजली आणि ज्याची नव्हती तोही उठला. मी त्याला ओढत बाहेर चहाला नेलं.

"तुमच्या खुर्चीवर अप्पांनी कुणाला बसवलं नाही," सलीमभाई म्हणाला.

मी एकदम पुढं सरकलो. "इतकी आठवण काढतात?"

"आठवण कसली! एक पाय मोडका आहे ना तिचा. दोघं बसले, दोघं पडले. ती फक्त तुम्हालाच जमायची."

मी हसलो. मग विचारलं, "पाणी लागतंय ना?"

"लागतंय. पण पगार होईना." सलीमभाईनं कप खाली ठेवला. "अप्पा खिशात हात घालतात. इकडंतिकडं बघतात. 'माणिक कुठाय?' म्हणतात. आन् हात तसाच बाहेर काढतात."

*

तीन महिने भरत आले. शनिवारी साहेबांनी माझी घंटी वाजवली. सोमवारी सही करायची, मी कायम होणार. अट एकच, पाच वर्षं सोडून जायचं नाही.

सुनंदाला सांगितलं. तिनं आधी नळ बंद केला. मग म्हणाली, "सही करायची तर करा. पण अप्पांना समोर जाऊन सांगा. फोनवर नको."

रविवारी सकाळची एसटी धरली. अहमदपूर येईपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो. 'अप्पा, तुम्हीच तर भाव करून दिलात.' हे बरं वाटलं. 'अप्पा, सुनंदाला पाण्याचं सुख आहे.' हे त्याहून बरं. चाकूर गेलं तेव्हा दोन्हींतलं एकही अप्पांच्या तोंडावर म्हणवेल असं वाटेना.

दुपारी गाळ्यापाशी पोचलो. रविवार असो की दसरा, आमचं शटर कधी खाली नसायचं. त्या दिवशी अर्धं खाली! मशीन रस्त्याच्या कडेला उभी. आत वाकून बघितलं तर सतरंजी अंथरलेली. भिंतीला टेकून अप्पा बसलेले, शेजारी सलीमभाई, नागनाथमामा, आजूबाजूच्या गाळ्यांतले चार व्यापारी. सगळ्यांच्या माना खाली. मधोमध पितळी पातेल्यात पिठलं आणि फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी. माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे असंच रांधून आणतात आणि घरच्यांना बळंच दोन घास भरवतात. आमच्याकडं कडू घास म्हणतात त्याला.

पहिल्यांदा मनात आल्या त्या अप्पांच्या बायको, अक्का. पण त्या तर आतल्या खोलीतून ताटल्या घेऊन येत होत्या.

"अप्पा," मी कसंबसं म्हणालो, "कोण गेलं?"

अप्पांनी मान वर केली नाही.

"तू."

कुणी हसलं नाही. मी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, थट्टेचं काही चिन्ह नाही. सलीमभाईचे डोळे लाल.

"काल तुझ्या साहेबाचा फोन आला हुता," अप्पा म्हणाले. "म्हणला, सोमवारी कायम करून राहिलो, माणूस कसा काय? म्हणलं, डोळे झाकून घ्या. फोन ठेवला अन् शटर खाली घेतलं."

"अहो अप्पा, तुम्हा लिंगायतांत तर सुतकसुद्धा पाळत नाहीत!"

"न्हाई पाळत. बापाचं न्हाई पाळलं. तुझं पाळून राहिलोय."

"पण मी अजून सही केली नाही. मी तेच सांगायला..."

"गेलेल्या माणसानं मधी बोलायचं नसतं," अप्पा म्हणाले. "उन्हातनं आलास. बस. दोन घास खा."

सलीमभाई आणि नागनाथमामा एकमेकांपासून थोडे सरकले. मी मधे बसलो. अक्कांनी ताटलीत भाकरी ठेवली, पिठलं वाढलं, वरून कच्चं तेल सोडलं. मी पहिला घास तोंडात घातला, तेवढ्यात दाराशी कुणीतरी वाकलं. उदगीरकडचं गिऱ्हाईक होतं, ओळखीचं. गेल्या साली त्याच्या रानात बोअर मारला तेव्हा मी सोबत होतो.

"अप्पा, मशीन कवा पाठवता?"

"आज न्हाई चालत मशीन. गमी हाय, सुतक हाय."

त्यानं लगेच चपला काढल्या. डोक्याचा पटका सारखा केला, आत आला आणि सतरंजीच्या कडेला बसला. मग अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "कोण?"

अप्पांनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

माझ्या तोंडात घास तसाच. त्या माणसानं मला ओळखलं. चांगलं निरखून बघितलं. मग अप्पांकडं वळून, डोळ्यांना पटक्याचं टोक लावत म्हणाला,

"लई चांगला माणूस हुता."